वसतिगृहातील मेंदूज्वर आणि विद्यापीठाची जबाबदारी : वाशीम जिल्ह्याच्या अनुभवातून

वाशीम जिल्ह्यात विद्यापीठाचे विद्यार्थी हजारोंच्या संख्येने आहेत, परंतु विद्यापीठाचे मुख्य आवार नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी अमरावतीहून येते, पण विद्यार्थी जेवतो, झोपतो आणि आजारी पडतो ते वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोऱ्यात. तो सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात राहत असेल, आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहत असेल, संस्थाचालकांच्या इमारतीत राहत असेल किंवा तिघा-चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या एखाद्या रूमवर डबा लावून राहत असेल. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी गृहपाल आपापल्या खात्याला उत्तरदायी असतो, तिसऱ्या ठिकाणी संस्थेच्या सचिवाला, आणि चौथ्या ठिकाणी घरमालकाखेरीज कुणीच नसते. एखाद्या विद्यार्थ्याला मेंदूज्वर झाल्यास विद्यापीठाने काय करावे, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर एकाच आवारात राहणारे विद्यार्थी आणि एकच प्रशासन गृहीत धरते. येथे ते गृहीतकच लागू पडत नाही, म्हणून उत्तराची मांडणीही वेगळी करावी लागते.

प्रथम आजाराविषयी. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती जी पातळ आवरणे असतात त्यांना सूज आली की त्यास मेनिंजायटिस म्हणतात, आणि बोलण्यात त्यासाठी मेंदूज्वर हाच शब्द चालतो. ही सूज विषाणूंमुळे येऊ शकते, क्षयाच्या जंतूंमुळे येऊ शकते, न्यूमोकोकस या जिवाणूमुळे येऊ शकते; परंतु वसतिगृहात साथीची भीती ज्याच्यामुळे बाळगायची तो जिवाणू म्हणजे मेनिंगोकोकस. त्याचे अ, ब, क, डब्ल्यू, एक्स आणि वाय असे मुख्य गट आहेत. तो निरोगी माणसांच्या नाकाघशात कोणताही त्रास न देता राहतो. सुमारे दहा टक्के लोक कोणत्याही वेळी असे वाहक असतात आणि युरोपातील अभ्यासांत एकोणीस वर्षांच्या आसपास हे प्रमाण सर्वाधिक, जवळपास एक चतुर्थांश, आढळले आहे. फार थोड्यांच्या बाबतीत तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणांत शिरतो, पण शिरल्यावर त्याची गती भयंकर असते. संसर्गानंतर दोन ते दहा दिवसांत, बहुधा चौथ्या दिवसाच्या सुमारास लक्षणे दिसतात. उपचार मिळूनही दहांपैकी एक रुग्ण दगावतो आणि जगलेल्यांपैकी पाचांतल्या एकाच्या वाट्याला बहिरेपणा, मेंदूची इजा किंवा हातपायांचा भाग गमावणे यांसारखे कायमचे अपंगत्व येऊ शकते. सकाळी अंग दुखते म्हणून तासाला न गेलेला विद्यार्थी रात्री बेशुद्ध होऊ शकतो, ही या आजाराची प्रकृती आहे. प्रशासनाची कोणतीही योजना या वेगाशी जुळवून घेतल्याखेरीज उपयोगाची नाही.

जिल्ह्याच्या स्मरणात विद्यार्थ्यांमधील साथीचा सर्वांत ठळक प्रसंग मेंदूज्वराचा नसून कोरोनाचा आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ विद्यार्थी आणि काही कर्मचारी बाधित आढळले. तेथे राहणाऱ्या सव्वातीनशेच्या आसपास मुलांपैकी पुष्कळशी अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून आलेली होती, आणि त्याच आठवड्यात अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागू झाली होती. शाळेचा परिसर प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि वाशीमचे नाव देशभरच्या बातम्यांत आले. त्या दिवसांत आरोग्य, महसूल आणि शिक्षण या तिन्ही खात्यांच्या माणसांनी जे शिकून घेतले ते मोलाचे होते : निवासी संस्थेत एक रुग्ण सापडला की सर्वांची चाचणी करावी लागते, मुले कोणत्या जिल्ह्यांतून आली आहेत हे दप्तरात आधीच असावे लागते, आणि पालकांना बातमी वाहिन्यांवरून कळण्यापूर्वी शाळेकडून कळली पाहिजे.

तथापि याच अनुभवाचा एक वारसा धोक्याचाही आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत साथ म्हणजे कुलूप, पत्रे ठोकलेला रस्ता, हायपोक्लोराइटची फवारणी आणि सर्वांचे विलगीकरण, हे समीकरण प्रशासकीय हातांत इतके मुरले की उद्या एखाद्या वसतिगृहात मेनिंगोकोकसचा रुग्ण आढळला तर हेच सारे पुन्हा घडण्याची शक्यता मोठी आहे. आणि या आजारात त्यातील जवळजवळ काहीही कामाचे नाही. मेनिंगोकोकस शरीराबाहेर फार काळ तगत नाही, त्यामुळे भिंती, गाद्या आणि बाकडी फवारून काही साधत नाही. सर्व विद्यार्थ्यांचे घसे तपासून वाहक शोधण्यातही अर्थ नाही, कारण वाहक शेकड्याने सापडतील आणि त्यांतील बहुतेकांपासून कुणालाच इजा होणार नाही. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वसतिगृह रिकामे करणे. ज्या मुलांना संसर्ग होऊन चुकला असेल ती त्याच रात्री एसटीने आणि काळीपिवळीने दहा तालुक्यांत पांगतात, औषध देण्यासाठी त्यांना गाठणे अवघड होते, आणि ज्याला तिसऱ्या दिवशी ताप येईल तो मेंदूज्वराचा संशयही ज्याच्या मनात येणार नाही अशा डॉक्टरासमोर किंवा शेतातल्या घरात एकटा असतो. देगावला जे सर्वांसाठी करणे भाग होते ते येथे मोजक्या माणसांसाठी करायचे असते, पण ते मोजके नेमके कोण हे काही तासांत ठरवायचे असते.

ही मोजकी माणसे म्हणजे निकटसंपर्कातील व्यक्ती. रुग्णाला लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच्या सात दिवसांत जे त्याच्यासोबत एका खोलीत झोपले, एका घरात राहिले, किंवा ज्यांचा त्याच्या लाळेशी, थुंकीशी प्रत्यक्ष संबंध आला, ते या व्याख्येत येतात. त्याच वर्गात बसणारे, त्याच मेसमध्ये जेवणारे, त्याच बसने येणारे सहसा येत नाहीत. रुग्णाच्या घरातल्या माणसांना असलेला धोका सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पाचशे ते आठशे पट असतो, आणि हा धोका कमी करण्याचा मार्ग म्हणजे प्रतिबंधक प्रतिजैविक, शक्यतो रुग्णाचे निदान झाल्यापासून चोवीस तासांच्या आत. दोन आठवडे उलटून गेल्यावर त्याचा फारसा लाभ उरत नाही. म्हणून संस्थेच्या हातात असलेले खरे साधन नावांची यादी हेच आहे. ती डॉक्टर करू शकत नाही, तालुक्याचा आरोग्य अधिकारी करू शकत नाही. ती गृहपाल आणि खोलीतली मुलेच करू शकतात.

आणि येथेच वसतिगृहाचा कारभार जवळून पाहिलेल्यांना ठाऊक असलेली अडचण उभी राहते. हजेरीपटावर खोली क्रमांक अमुक येथे चार नावे असतात, प्रत्यक्षात त्या खोलीत सहा जण झोपत असतात. पाचवा प्रवेश न मिळालेला गावचा मित्र असतो, सहावा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा माजी विद्यार्थी असतो, आणि अशा बिनपरवाना राहणाऱ्याला वसतिगृहांच्या बोलीत पॅरासाइट म्हणतात. दोन खाटा जोडून तिघे आडवे होतात, थंडीत एका रजईत दोघे शिरतात, आणि रात्री गृहपाल फेरीला निघाला की पाहुणा गच्चीवर जातो. हे सर्वांना माहीत असते, गृहपालालाही. पुष्कळदा तो डोळेझाक करतो, कारण हाकलून दिलेला मुलगा शिक्षण सोडून मजुरीला जाईल हे तो ओळखून असतो. साथीच्या रात्री मात्र ही सोयीची डोळेझाक जिवावर बेतते. औषधाची सर्वाधिक गरज ज्याला आहे तोच यादीत नसतो, आणि शिस्तभंगाच्या भीतीने खोलीतला कुणी त्याचे नाव घेत नाही. त्यामुळे विद्यापीठाने आणि संबंधित खात्यांनी अशा प्रसंगी सर्वांत आधी काढायचा आदेश आरोग्याचा नव्हे, अभयाचा असावा : या चौकशीत उघड झालेल्या वास्तव्यावरून कुणावरही कारवाई होणार नाही, कुणाचाही प्रवेश रद्द होणार नाही, गृहपालालाही नोटीस मिळणार नाही. हे वाक्य लेखी नसेल तर त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये.

यादीसाठी विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. "तुझ्या संपर्कात कोण आले" असे विचारले तर मुले पन्नास नावे सांगतात किंवा एकही सांगत नाहीत. गेल्या सात रात्री कोण कुठे झोपले, हे शनिवारपासून मागे रविवारपर्यंत एकेक रात्र धरून विचारले, की आठवण जागी होते : मंगळवारी तो मावशीकडे लग्नाला गेला होता, गुरुवारी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात होता. हे सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर हिवाळ्यात एखाद्या दत्तक गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात भरते, पन्नासेक मुले सतरंजीवर ओळीने झोपतात, आणि त्या यादीवर एकाच नव्हे तर पाच-सहा गावांची मुले असतात. संलग्न महाविद्यालयांच्या जिल्ह्यात साथीचा आवाका ठरवताना वसतिगृहाइतकेच हे शिबिरही पाहावे लागते.

औषधाबाबत निर्णय जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याचा, विद्यापीठाचा नव्हे; परंतु तो समजून घेण्याइतकी माहिती प्राचार्यांना असावी. रिफाम्पिसिन दोन दिवसांत चार मात्रांमध्ये, सिप्रोफ्लॉक्सासिनची एकच गोळी, किंवा सेफ्ट्रियाक्सोनचे एकच इंजेक्शन, असे तीन पर्याय वापरात आहेत. एका गोळीत काम भागते म्हणून दुसरा पर्याय सोपा वाटतो, पण २००५-०६ च्या दिल्लीतील साथीत या गटातल्या औषधांना दाद न देणारे जंतू आढळले होते, त्यामुळे भारतात तो डोळे मिटून स्वीकारता येत नाही. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचे औषध. त्याने लघवी केशरी होते, आणि हे आधी सांगितले नाही तर पहिल्या मात्रेनंतर निम्मी मुले घाबरून दुसरी घेत नाहीत, तर काही जण आपल्याला टीबी झाल्याचे लपवले जात आहे असे समजतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही त्याने कमी होतो, ही बाब मुलींना खासगीत आणि महिला कर्मचाऱ्याकडून सांगितली गेली पाहिजे. चार मात्रा गिळल्या की नाहीत हे समोर उभे राहून पाहणारे कुणीतरी लागते, आणि वसतिगृहात ते आशाताई किंवा आरोग्यसेविकाच करू शकतात.

या सर्वांच्या आधीची पायरी म्हणजे ओळख. विदर्भात मार्च सुरू झाला की ताप, डोकेदुखी आणि उलटी यांचा अर्थ सर्वांना एकच सुचतो : ऊन लागले. कांद्याचा रस, पन्हे, ओली पट्टी, आणि तरीही उतरले नाही तर सलाइन; एवढ्यात जे बारा तास जातात तेच या आजारात मोलाचे असतात. मेनिंगोकोकसचा हंगामही कोरड्या थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचाच असल्याने ही गल्लत योगायोगाची नाही. मान ताठ होणे आणि उजेड सहन न होणे ही ओळखीची लक्षणे बहुधा उशिरा येतात. त्याआधी पोटऱ्यांत तीव्र वेदना, अंग तापलेले असताना हातपाय गार पडणे आणि त्वचेचा रंग बदलणे ही चिन्हे दिसू शकतात. अंगावर लालसर-जांभळे ठिपके आले आणि त्यांवर काचेचा पेला दाबूनही ते फिके झाले नाहीत, तर रक्तस्राव त्वचेखाली होत आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर ते ठिपके सहज दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू पाहावी लागते. गृहपाल, खोलीप्रमुख आणि मेसच्या मावशी यांना एवढे शिकवण्यास अर्धा तास पुरतो. विद्यापीठाकडून मात्र बहुधा परिपत्रक येते, ज्यावर ‘तात्काळ’ असे लिहिलेले असते आणि तेवढीच त्याची तातडी असते.

ओळख पटल्यावर १०८ ला फोन करून रुग्णाला जिल्हा रुग्णालयात आणि गरज पडल्यास सुमारे ऐंशी किलोमीटरवरील अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाल्याने हे अंतर पुढे कमी होईल अशी आशा आहे. तोवर नियम एकच : संशय बळकट असेल तर शक्य झाल्यास रक्ताचा नमुना घेऊन प्रतिजैविकाची पहिली मात्रा पाठवण्यापूर्वीच द्यावी, पाठीतले पाणी तपासायचे राहिले म्हणून औषध अडवून धरू नये. ती तपासणी म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुईने थोडा द्रव काढणे, आणि तिच्याविषयी खेड्यांत फार धास्ती असते. पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा लुळा पडतो, असे मानणारे नातेवाईक सही करण्यास नकार देतात. प्राध्यापकाने रुग्णालयात जाऊन करण्यासारखे सर्वांत उपयुक्त काम हेच, की पालक येईपर्यंत मुलाजवळ थांबावे आणि आल्यावर त्यांना ही तपासणी समजावून सांगावी, कारण ओळखीच्या सरांचा शब्द पांढऱ्या कोटापेक्षा त्यांना अधिक भरवशाचा वाटतो.

पालकांशी संवाद हा स्वतंत्र प्रश्न आहे. मानोरा-मंगरूळपीरकडील बंजारा तांड्यांवरून आलेल्या विद्यार्थ्यांचे आईवडील हिवाळ्यात ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर गेलेले असतात. प्रवेशअर्जावरचा क्रमांक बंद असतो, निरोप मुकादमामार्फत पोहोचतो आणि पोहोचेपर्यंत त्याचे रूप बदलते. म्हणून संदेश छोटा, मराठीत आणि शक्य तेथे गोरमाटीत ध्वनिमुद्रित करून पाठवणे श्रेयस्कर. एका विद्यार्थ्याला अमुक आजार झाला आहे, त्याच्या खोलीतील मुलांना औषध दिले आहे, आपले मूल त्यांत आहे किंवा नाही, त्याला तूर्त घरी नेऊ नये आणि का, ताप आल्यास कुणाला फोन करावा, पुढचा संदेश किती वाजता येईल; इतके पुरे आहे. रुग्णाचे नाव, जात, तांडा यांपैकी काहीही त्यात असू नये. पुढचा संदेश सांगितलेल्या वेळी, नवे काही नसले तरी, जाणे आवश्यक असते, कारण शांततेचा अर्थ दडपादडपी असाच लावला जातो.

एकच रुग्ण असेल तर एवढ्यावर काम थांबते. तीन महिन्यांच्या आत, एकाच गटातील जंतूंमुळे, परस्परांशी निकट संबंध नसलेले दोन-तीन रुग्ण एकाच संस्थेत आढळले तर त्यास संस्थेतील उद्रेक मानून लसीचा विचार करतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात मार्च २०१३ पासून ब गटाचे रुग्ण एकामागून एक आढळले, त्या गटाची लस त्या देशात तेव्हा परवानाप्राप्त नव्हती, म्हणून विशेष अनुमतीने ती बाहेरून आणून डिसेंबरात पाच हजारांहून अधिक जणांना पहिली मात्रा देण्यात आली. विद्यापीठ बंद झाले नाही, वर्ग चालू राहिले. मात्र मार्च २०१४ मध्ये, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या संपर्कात आलेली दुसऱ्या विद्यापीठातील एक विद्यार्थिनी त्याच जंतूने दगावली. लस घेतलेल्यांचे रक्षण झाले होते, पण जंतू त्यांच्या घशांतून गेला नव्हता. लसीकरण पार पडले म्हणून दक्षता सैल करू पाहणाऱ्या प्रशासनाने हा प्रसंग अवश्य अभ्यासावा.

भारतातील मोठ्या साथी बहुतांशी अ गटाच्या होत्या, त्यामुळे प्रिन्स्टनचे अनुकरण जसेच्या तसे करता येत नाही. आधी गट कळला पाहिजे, आणि त्यासाठी नमुना योग्य प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. लसीच्या बाबतीत महाराष्ट्राची स्थिती काहीशी विपरीत आहे. आफ्रिकेतील अ गटाच्या साथी ज्या लसीने २०१० नंतर जवळपास संपुष्टात आणल्या ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली, आणि पाच गटांवर चालणारी मेनफाइव्ह ही लसही तेथलीच. २०२४ मध्ये तिचा पहिला व्यापक वापर नायजेरियात झाला. इकडे जिल्ह्यातील सामान्य विद्यार्थ्याला या आजाराची लस असते हेच माहीत नसते. ती येथे ठाऊक आहे दोघांना : हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना, ज्यांच्यासाठी ती अनिवार्य आहे, आणि परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मोजक्या मुलांना, ज्यांच्याकडे तेथील वसतिगृह तिचे प्रमाणपत्र मागते. हजच्या लसीकरण शिबिरांमुळे ही लस साठवण्याचा आणि देण्याचा सराव जिल्ह्यांतील यंत्रणेला आहे. उद्रेकाच्या वेळी विद्यापीठाने पहिला दूरध्वनी त्या यंत्रणेकडे केला तर बराच वेळ वाचेल.

बरा होऊन परतलेल्या विद्यार्थ्याचा विचार सहसा कुणाच्याच टिपणात नसतो. या आजारानंतर ऐकू कमी येऊ शकते, आणि मुलगा ते सांगत नाही, फक्त मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर येतो किंवा वर्गात येणेच सोडतो. म्हणून रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर चार आठवड्यांच्या आत श्रवणचाचणी करून घेणे आवश्यक असते. हजेरीची ७५ टक्क्यांची अट, हुकलेली प्रात्यक्षिके, अंतर्गत गुण आणि पुढच्या सत्रातील प्रवेश या गोष्टी मात्र पूर्णतः विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत, त्यांसाठी कोणत्याही डॉक्टरची किंवा जिल्हाधिकाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. विद्यार्थी विकास मंडळाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात एका प्राध्यापकाकडे हे काम नावानिशी सोपवावे, ज्या खोलीतील मुलांनी रात्रभर मित्राला धरून ठेवले त्यांच्या बुडालेल्या परीक्षाही त्यातच धराव्यात, आणि अर्ज करण्यासाठी त्यांना अमरावतीला खेटे घालावे लागू नयेत.